हिंगाचा दोरा आणि कस्तुरीची नाभी

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून थोडी काटछाट केली आहे. बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



आजचा भाग मी एका डबीपासून सुरू करणार आहे. कुंकवाच्या करंड्याएवढी चांदीची डबी. आमच्या वाईच्या घरी ती देव्हाऱ्यात, खालच्या खणात असायची. आत कापूस, आणि कापसात अक्रोडाएवढी, एका बाजूने केसाळ अशी चपटी गोळी. आजी तिला 'नाभी' म्हणायची. कस्तुरीची नाभी. आजोबा 1964 साली बद्री-केदारला गेले होते, तेव्हा परतीच्या वाटेवर ऋषिकेशला एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी ती तीस रुपयांना घेतली. तेव्हाचे तीस रुपये बरं का!

वर्षातून एकदा, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर, ती डबी उघडायची. आम्ही नातवंडं रांगेत उभी. प्रत्येकाने एकदाच वास घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. गोड, जड, साबणासारखा आणि तरी साबणासारखा नाही, असा तो वास मला अजून आठवतो.

आणि दरवर्षी आजी तीच गोष्ट सांगायची. विक्रेत्याने आजोबांसमोर परीक्षा करून दाखवली होती. सुईत दोरा ओवला, दोरा हिंगाच्या पाण्यात बुडवला, सुई नाभीतून आरपार काढली आणि दोरा आजोबांच्या नाकाशी धरला. हिंगाचा वास गेलेला! फक्त कस्तुरी! आपल्याकडे एखाद्याची किंमत उरली नाही की 'त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नाही' म्हणतात. कस्तुरीचं उलटं आहे. तिला हिंग लावूनच विचारायचं असतं.

गेल्या वर्षी वाईचं घर आवरलं आणि डबी माझ्याकडे आली. म्हटलं, चला, कस्तुरीवर एक भाग करू. वाचायला बसले. दुसऱ्या दिवशी वाचता वाचता थांबले, कारण लक्षात आलं की ही गोळी जर खरी असेल, तर ती एका मारलेल्या प्राण्याची ग्रंथी आहे, आणि तशी वस्तू परवान्याशिवाय घरात ठेवणं हा आज गुन्हा आहे. घरातली जुनी वस्तू खोटी निघावी, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

खरी की खोटी, हे शेवटी सांगते. पण मधल्या वाचनात कळलं की हा प्रश्न काही माझ्या एकटीचा नाही. कस्तुरीचा जवळजवळ सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो: ही खरी आहे का?

न भटकणारं हरीण

आधी प्राण्याबद्दल. कस्तुरीमृगाला आपण हरीण म्हणतो, पण शास्त्रज्ञ त्याला हरणांच्या कुळात धरत नाहीत. त्याचं कुळ वेगळं, मोस्किडी. त्याला शिंगं नसतात. नराला वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन लांब सुळे असतात, त्यामुळे चेहरा जरा विचित्रच दिसतो. वजन साधारण दहा-पंधरा किलो, म्हणजे एखाद्या मध्यम बोकडाहूनही कमी. राहतो हिमालयात, तिबेटमध्ये, चीनच्या डोंगराळ भागात, आणि उत्तरेला थेट सैबेरियापर्यंत. आपल्याकडे त्याला पाहायचं तर काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल इथल्या उंच जंगलांत जावं लागतं. उत्तराखंडाचा तो राज्यप्राणी आहे.

कस्तुरी फक्त वयात आलेल्या नराकडे असते. बेंबी आणि जननेंद्रिय यांच्या मधे एक छोटी पिशवी असते, तिच्यात ती साठते. आपण तिला नाभी म्हणतो खरं, पण तिचा बेंबीशी संबंध नाही. ताजी असताना आतला पदार्थ मऊ, लालसर-तपकिरी. वाळला की काळपट दाणे होतात. एका पिशवीत साधारण पंचवीस ग्रॅम. हिवाळ्यात, विणीच्या हंगामात, माद्यांना आपली खबर देण्यासाठी नर हा वास वापरतो.

आता आपल्या सगळ्यांना माहीत असलेला दृष्टांत आठवा. कस्तुरीमृग स्वतःच्याच सुगंधाच्या शोधात रानोमाळ भटकतो, आणि सुगंध त्याच्यापाशीच असतो. कीर्तनात ऐकलाय, शाळेत निबंधात लिहिलाय. दृष्टांत म्हणून तो सुंदरच आहे. प्रत्यक्षात मात्र हा प्राणी फारसा भटकत नाही. तो एकटा राहतो, आपला ठरावीक इलाखा धरून राहतो, पहाटे आणि संध्याकाळी त्याच त्याच पायवाटांनी फिरतो. विष्ठाही ठरलेल्या जागी टाकतो.

आणि हाच त्याचा घात आहे. शिकाऱ्याला त्याच्या मागे धावावं लागत नाही. पायवाटेवर फास लावून ठेवले की काम झालं. फासाला नर-मादी कळत नाही. मादी अडकते, पाडस अडकतं, पिशवी पुरती न भरलेला तरुण नर अडकतो. एक किलो कस्तुरी म्हणजे हिशेबाने चाळीस नर. पण वाया गेलेले जीव धरले तर हा आकडा शंभराच्याही वर जातो, असं अभ्यासक सांगतात. ही गोष्ट डोक्यात ठेवा. पुढे बाजारभावाची, राजेरजवाड्यांची बरीच वर्णनं येतील, तेव्हा तिचा विसर पडतो.

न पोचलेलं पत्र

कस्तुरी किती जुनी आणि किती दूर जायची, याचा मला सगळ्यात आवडलेला पुरावा म्हणजे एक पत्र. 1907 साली ऑरेल स्टाइन या संशोधकाला चीनच्या पश्चिमेला, दुन्हुआंगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात कागदी पत्रांची गठडी सापडली. पत्रं सोग्दी भाषेतली होती. सोग्दी म्हणजे समरकंदकडचे व्यापारी. रेशीम मार्गावरचा बराचसा व्यापार त्यांच्या हाती होता. पत्रं साधारण इ.स. 313च्या सुमाराची.

त्यातलं एक पत्र नानाइ-वंदक नावाच्या व्यापाऱ्याने समरकंदला लिहिलेलं आहे. लुओयांग शहर जळालं, दुष्काळ पडला, आपली माणसं मेली, अशा बातम्या त्यात आहेत. स्वतः जगेन की नाही याची त्याला खात्री नाही. आणि मग तो कस्तुरीबद्दल लिहितो. बत्तीस नाभी दुन्हुआंगला पाठवल्या आहेत, तुमच्या हाती आल्या की त्यांचे पाच वाटे करा, आणि त्यातले तीन तखसिच-वंदकला द्या. हा तखसिच-वंदक एक पोरका मुलगा आहे. मागे ठेवलेले पैसे त्याच्या नावे वाढवा, तो मोठा झाला की त्याचं लग्न लावून द्या, असंही पत्रात सांगितलंय.

म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी एक माणूस मरणाच्या छायेत बसून एका अनाथ पोराची सोय लावतोय, आणि ती कशात? बत्तीस नाभींत. आपल्याकडे मुलीच्या नावे सोन्याच्या पुतळ्या ठेवायचे तसं. वजन एक किलोच्या आतच, घोड्यावर सहज बांधून नेता येतं, नासत नाही, आणि कुठेही विकता येतं. ते पत्र समरकंदला पोचलंच नाही. त्या मुलाचं काय झालं, त्याला त्याचे तीन वाटे मिळाले का, ते कागद सांगत नाहीत.

एका शब्दाची वरात

आता शब्द बघा. इंग्रजीतलं 'मस्क', फारसीतलं 'मुश्क', अरबीतलं 'मिस्क', लॅटिनमधलं 'मुस्कुस', या सगळ्यांचं मूळ भाषातज्ज्ञ संस्कृत 'मुष्क' या शब्दात दाखवतात. मुष्क म्हणजे वृषण. पिशवीच्या आकारावरून आणि जागेवरून पडलेलं नाव. आज जगभरच्या अत्तरांच्या बाटल्यांवर मोठ्या दिमाखात तोच शब्द छापलेला असतो!

आणि आपला 'कस्तुरी' हा शब्दसुद्धा लांब गेला होता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक ग्रीक-भाषक व्यापारी होता. हिंदुस्थानाबद्दल लिहिल्यामुळे त्याला पुढे इंडिकोप्लुस्टीस म्हणू लागले. त्याने आपल्या ग्रंथात या प्राण्याचं वर्णन केलंय. तो लिहितो की तिथले लोक त्यांच्या भाषेत याला 'कस्तुरी' म्हणतात. शिकारी बाण मारून प्राणी पाडतात, नाभीपाशी साठलेलं रक्त बांधून घेतात आणि तो भाग कापून काढतात. बाकीचं धूड टाकून देतात. पिशवीत रक्त नसतं, एवढी एक चूक सोडली तर व्यवहार त्याने बरोबर टिपलाय.

इस्लामी जगात तर कस्तुरीला सुगंधांमध्ये पहिला मान मिळाला. कुराणात स्वर्गातल्या पेयाच्या वर्णनात कस्तुरीचा उल्लेख आहे. कस्तुरी आणि अंबर तेलात खलून 'गालिया' नावाचं उटणं करायचे, ते खलिफांच्या दरबारात चालायचं. आपल्याकडे संतांनी विठ्ठलाचं रूप वर्णताना त्याच्या कपाळी कस्तुरी लावली. केशर, चंदन, कापूर आणि कस्तुरी ही देवाच्या आणि राजाच्या उपचारांतली नेहमीची मंडळी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजाने रोज कोणते भोग घ्यावेत याच्या यादीत सुगंधी उटणी आणि धूप तपशिलाने आलेत. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त सुगंधांचं वेगळं प्रकरण आहे, भावांसकट.

मागणी एवढी, आणि माल येणार कुठून? तर माणसं सहसा जात नाहीत अशा डोंगरांतून, पाच-सहा हात बदलत. मग भेसळ होणार नाही तर काय होणार?

नकलेचं शास्त्र

दहाव्या शतकातला अरब लेखक अल-मसूदी सांगतो की तिबेटी कस्तुरी चिनी कस्तुरीपेक्षा चांगली. एक कारण, तिबेटातले मृग सुगंधी वनस्पती खातात. दुसरं कारण, तिबेटी लोक नाभी आहे तशी ठेवतात आणि चिनी लोक ती उघडून भेसळ करतात. पहिल्या कारणावर आज कुणी विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्यात मात्र व्यापाऱ्याचा अनुभव दिसतो.

पण भेसळ फक्त लबाडच करत होते असं नाही. ते एक शास्त्रच होतं. नवव्या शतकातला बगदादचा तत्त्वज्ञ अल-किंदी याच्या नावावर सुगंधांच्या रसायनाचा एक ग्रंथ आहे, शंभरावर कृतींचा. त्यात कस्तुरी बनवण्याच्या, म्हणजे थोड्या खऱ्या कस्तुरीत इतर पदार्थ घालून ती वाढवण्याच्या कृती आहेत. आपल्या गंधशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांतही कृत्रिम कस्तुरीच्या कृती सापडतात.

इथे मराठीचा एक धागा आहे, आणि तो मला हे वाचेपर्यंत माहीत नव्हता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी 1940च्या दशकात 'गंधवाद' या सुगंधशास्त्रावरच्या ग्रंथाचं एक दुर्मिळ हस्तलिखित अभ्यासलं. त्या ग्रंथावर मराठी टीका आहे! गोड्यांनी तिचा काळ साधारण 1350 ते 1550च्या दरम्यान धरला. म्हणजे त्या काळी कुणीतरी मराठी माणूस सुगंधाच्या कृती आपल्या भाषेत समजावून सांगत बसला होता. आपण मराठीचा तो काळ म्हटला की संतांची वाणी आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच भाषेत गांध्याचं दुकानही चालत होतं. गांधी म्हणजे मूळचा सुगंधी द्रव्यं विकणारा, हे जाता जाता.

आता येतो पाटण्याला. सतराव्या शतकात ज्याँ-बाप्तिस्त तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेला. हिऱ्यांसाठी तो आपल्याला माहीत आहे, पण तो कस्तुरीही विकत घ्यायचा. भूतानकडची कस्तुरी पाटण्याच्या बाजारात उतरायची. एका खेपेत आपण साडेसात हजारांहून जास्त नाभी घेतल्या, असं तो लिहितो. एका व्यापाऱ्याने, एका खेपेत! मघाचा फासांचा हिशेब आठवा.

तावेर्निये भेसळीबद्दल जे सांगतो ते तर पोलिसी कथेसारखं आहे. भूतानच्या राजाला काळजी वाटली की भेसळीमुळे आपल्या मालाचं नाव खराब होईल. त्याने हुकूम काढला: नाभी शिवून आणायच्या नाहीत. उघड्या आणायच्या, सरकारी माणूस तपासेल, मग त्यावर राजाची मोहोर. झालं? नाही! खेडूत इतक्या सफाईने नाभी उघडायचे की कळायचंच नाही, आणि आत शिशाचे बारीक तुकडे सारायचे. शिशाने वजन वाढतं आणि वास बिघडत नाही. तावेर्निये म्हणतो, व्यापारीही त्याकडे काणाडोळा करायचे, कारण माल तर खराब होत नाही, फक्त वजनात फसवणूक!

ही गोष्ट मी आधी हसत वाचली. मग वाटलं, या सगळ्यात नकली मालाने हरणाचं काही भलं झालं का? अजिबात नाही. कारण ही नक्कल चोरून केलेली नक्कल होती. चोरून केलेली नक्कल असलीच्या नावावर विकली जाते. प्रत्येक खोटी नाभी विकताना विक्रेता खऱ्या नाभीची स्तुती करतो. बाजारात खोटा माल जितका जास्त, तितका 'खात्रीच्या' मालाचा भाव वर. म्हणजे नकलेने असलीची भूक वाढवली.

सुरुंगाच्या दारूतून निघालेला वास

चोरून न केलेली, उघड नक्कल यायला 1888 साल उजाडलं. आल्बर्ट बाऊर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर काम करत होता. टीएनटीच्या जातीचा एखादा आणखी जोरदार पदार्थ मिळतो का, ते तो पाहत होता. स्फोट काही म्हणावा तसा मिळाला नाही, पण बनलेल्या पदार्थाला वास आला, आणि तो कस्तुरीचा! त्याने तो 'मस्क बाऊर' म्हणून बाजारात आणला. पाठोपाठ मस्क झायलीन, मस्क कीटोन, मस्क अँब्रेट अशी भावंडं आली. यांना नायट्रो मस्क म्हणतात. मुख्य म्हणजे ती स्वस्त होती.

गंमत अशी की या रेणूंचा खऱ्या कस्तुरीतल्या रेणूशी रचनेने काहीही संबंध नाही. खऱ्या कस्तुरीतून वासाचा मुख्य घटक हाइनरिश वालबाउमने 1906 साली वेगळा केला. त्याला नाव मिळालं मस्कोन. पण तो आहे कसा, हे कळायला आणखी वीस वर्षं गेली. लिओपोल्ड रुझिच्का याने 1926 साली दाखवलं की मस्कोन म्हणजे कार्बनच्या पंधरा अणूंची साखळी आहे, टोकाला टोक जोडून केलेलं एक मोठं कडं. जवादी मांजराच्या सुगंधातला रेणू तसाच, सतरा अणूंच्या कड्याचा. त्या वेळी बहुतेक रसायनशास्त्रज्ञ समजत होते की एवढं मोठं कडं टिकूच शकणार नाही. निसर्ग मात्र हरणाच्या पिशवीत ते केव्हापासून बनवत होता. रुझिच्काला 1939 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा आहे.

आता प्रश्न असा, की अत्तरवाल्यांना कस्तुरी लागते कशाला? नुसता तिचा वास हवा म्हणून नाही. कच्ची कस्तुरी हुंगली तर ती उग्र लागते, गोठ्यासारखी. अल्कोहोलमध्ये महिनोन् महिने मुरवून अगदी थोडी वापरली की तिचं रूप बदलतं. तिचे रेणू मोठे आणि जड, त्यामुळे ते हळू उडतात. लिंबाचा वास मिनिटांत जातो, गुलाब काही तास टिकतो, कस्तुरी दिवसभर राहते आणि आपल्याबरोबर इतरांनाही धरून ठेवते. लग्नघरात एखादी आत्या असते ना, स्वतः फार बोलत नाही पण सगळ्यांना जेवणाच्या पंगतीपर्यंत धरून ठेवते, तसं.

हेच काम नकली मस्क करू लागले, एखाद्या क्षुल्लक किमतीत. आणि ते 'खरी कस्तुरी' म्हणून विकले जात नव्हते, स्वतःच्या नावाने विकले जात होते. विसाव्या शतकात अत्तराच्या धंद्यातून हरणाची कस्तुरी हळूहळू हटली. आज मुंबईत मिनारा मशिदीच्या आसपास अत्तराच्या दुकानात 'मस्क' मागा, मिळेल ते प्रयोगशाळेतलं. तिथे कुणी लपवतही नाही.

आणि फक्त अत्तरात नाही. 1950च्या दशकापासून मस्कांची दुसरी पिढी आली, गॅलॅक्सोलाइड, टोनॅलाइड वगैरे. हे रेणू पाण्याने धुऊन निघत नाहीत, कापडाला चिकटून राहतात. म्हणून ते कपड्यांच्या साबणपावडरीत गेले. 'स्वच्छ धुतलेल्या कपड्याचा वास' म्हणून आपण जो ओळखतो, त्यात मोठा हात या मस्कांचा आहे. खलिफाच्या दरबारातला सुगंध आज वाळत घातलेल्या चादरीला येतो.

अर्थात फुकट काहीच नसतं. जे पाण्याने निघत नाही ते जातं कुठे? 1981 साली जपानमध्ये तामा नदीच्या माशांत मस्क झायलीन सापडलं. पुढे युरोपात आईच्या दुधातही हे पदार्थ आढळले. मस्क अँब्रेट प्राण्यांच्या मज्जासंस्थेला अपाय करतं हे दिसलं, युरोपने 1995 साली त्यावर बंदी आणली. मस्क झायलीनही तिथे आता बाद झालंय. हरीण सुटलं आणि नदी अडकली, असं म्हटलं तरी चालेल. आता कल पुन्हा मोठ्या कड्याच्या रेणूंकडे आहे, जे रचनेने खऱ्या कस्तुरीच्या जवळचे आहेत आणि निसर्गात विरघळूनही लवकर जातात.

तसा एक रेणू आपल्या परसातल्या वनस्पतीतही आहे. कस्तुरीभेंडी ऐकली असेल. तिच्या बियांना कस्तुरीसारखा वास येतो, म्हणून तिला लताकस्तुरी, मुष्कदाणा असंही म्हणतात. 1927 साली त्या बियांतला सुगंधी रेणू ओळखला गेला, आणि तोही मोठ्या कड्याचाच निघाला. तिचं शास्त्रीय नाव अॅबेलमोस्कस. त्यातला 'मोस्कस' म्हणजे तोच आपला मुश्क. आणि आपली रोजची भाजीची भेंडी याच गोत्रातली, त्यामुळे नावात कस्तुरी तिच्याही!

तरीही फास का?

मग हरीण वाचलं असेल, असं वाटतं ना? अत्तरवाल्यांपासून बरंचसं वाचलं. पण कस्तुरी ही औषधही आहे. आयुर्वेदात कस्तुरीभैरव रसासारखी औषधं आहेत, चिनी वैद्यकात तर तिचं स्थान फार मोठं. चीनने 1950च्या दशकाच्या अखेरीस कस्तुरीमृग पाळायला सुरुवात केली. पाळलेल्या नराच्या पिशवीतून त्याला न मारता कस्तुरी काढता येते. पण हा प्राणी एकटा राहणारा आणि भित्रा, बंदिवासात त्याचं जमणं अवघड. 1990च्या दशकात तिथे कृत्रिम कस्तुरीला औषधात परवानगी मिळाली, त्याने बराच भार हलका झाला.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कस्तुरीमृग पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याच वर्षी केदारनाथचं अभयारण्य झालं, त्याला कस्तुरीमृग अभयारण्यच म्हणतात. भारतातल्या कस्तुरीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आहे. तरीही फास लागतात, कारण कुठेतरी कुणीतरी अजून 'असली'साठी वाट्टेल ते पैसे मोजायला तयार आहे. तो माणूस दुष्टच असेल असं नाही. तो घरातल्या आजाऱ्यासाठी घेत असेल. देवासाठी घेत असेल. यात्रेहून परतताना ऋषिकेशला उभा असलेला, वाईचा एक साधा शाळामास्तरही असेल.

डबी उघडली तेव्हा

तर डबीचं काय झालं?

माझी एक मैत्रीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला म्हटलं, तू बघ. खरी असली तर मी वनखात्याला कळवते. तिने आधी सांगून ठेवलं: खऱ्या नाभीची एक बाजू गुळगुळीत, पातळ पापुद्र्याची असते. दुसऱ्या बाजूचे केस राठ असतात आणि मधल्या बारीक भोकाभोवती गोल फिरलेले असतात, डोक्यावरच्या भोवऱ्यासारखे. मग तिने भिंग लावलं.

भोवरा नव्हता. केस सरळ, एकाच दिशेला, बहुधा बोकडाचे. आणि कडेला, केसांखाली, बारीक टाके. शिवलेली होती! मला एकदम भूतानचा राजा आठवला. 'नाभी शिवून आणायच्या नाहीत.'

आत काळपट भुगा होता. वास अजून आहे, साठ वर्षांनी. मैत्रीण म्हणाली, इतका गोड, पावडरीसारखा वास म्हणजे त्या काळचं स्वस्त नायट्रो मस्क असणार. अंदाजच आहे, पण मला तो पटतो. म्हणजे आमच्या देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पायाशी, इतकी वर्षं बाऊरच्या सुरुंगाच्या दारूचं भावंड बसलेलं होतं. आणि हिंगाचा दोरा? हिंगाला झाकायला कस्तुरीच लागते असं थोडंच आहे, कुठलाही पुरेसा जड वास ते करेल. ती परीक्षा खोटी नव्हती. तिचा अर्थ मात्र आपण समजतो तो नव्हता.

एक गोष्ट सांगायची राहिली. आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात आजीने त्यातला कणभर भुगा मधात खलून त्यांना चाटवला होता. घरातलं सगळ्यात मोलाचं होतं ते तिने काढलं. वाचनानंतर मला हेच सगळ्यात टोचत होतं, की आईला सांगू की नको. आजी आता नाही. आई आहे, आणि तो प्रसंग तिने डोळ्यांनी पाहिलाय.

सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तीस रुपये गेले म्हणायचे." आणि जरा थांबून, "पण बरं झालं गं. त्यांच्या नावावर एक जीव नको."

डबी मी ठेवली आहे. दिवाळीत उघडीनही. भाचरंडं रांगेत उभी राहिली की गोष्ट सांगीन, आजोबांची, हिंगाच्या दोऱ्याची, आणि त्याच्यापुढे टाक्यांचीही. आजवरच्या सगळ्या खोट्या नाभी खरेपणाचा आव आणून विकल्या गेल्या. निदान आमची एक तरी यापुढे खोटी म्हणून ओळखली जावी.

तुमच्याही घरी अशी एखादी डबी असेल, आजी-आजोबांनी यात्रेहून आणलेली. उघडून बघा, केस कसे आहेत, कडेला टाके आहेत का. खोटी निघाली तर गोष्ट म्हणून जपा. खरी वाटली, तर लपवू नका आणि विकू तर मुळीच नका. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात जाऊन सांगा. आणि पुढच्या यात्रेत रस्त्यावर कुणी हिंगाचा दोरा काढून दाखवायला लागला, तर मात्र हसून पुढे चला. त्याची खरी असो वा खोटी, आपल्याला ती नकोच आहे.

आज इथेच थांबते. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.